तापाचं मूळ

"ही कुणाची नावं घेतोस, आजा?"

लाहनू भगत झाडाच्या बुडाशी उकिडवा बसला होता. त्याने खुरपं थांबवलं.

"हे मूळ खाऊन मेलेल्यांची. किती खावं ते कुणालाच ठाऊक नव्हतं तेव्हा."

"मग आता त्यांना कशाला हाका मारायच्या?"

"किती काढायचं ते तेच सांगतात."

त्याच्या हाताखाली औषधं शिकणारा नवसू गालातल्या गालात हसला. नुसत्या वासावरून तो डोंगरावरचं कुठलंही झाड ओळखायचा. आता शिकण्यासारखं उरलंय तरी काय, असं त्याला अलीकडे वाटू लागलं होतं.

आठवडा गेला नाही तोच त्याची बायको जानकी तापाने फणफणली. शुद्ध गेली.

"दुखणं तुझ्या घरचं आहे," भगत म्हणाला. "मूळ तूच आण. उगाळलंस की पहिला घोट तू घे, मग तिला दे. रीत आहे."

भर दुपारी नवसू रानात शिरला. एकही पाखरू बोलत नव्हतं. नावं घ्यायला त्याची जीभ काही रेटली नाही. तो थेट खणायला बसला. मूळ चांगलं मनगटाएवढं निघालं.

मागून कुणीतरी म्हणालं, "अर्धं पुरे. मी सगळं उगाळलं होतं."

नवसूने वळून पाहिलं...

कुणी नव्हतं. वाळलेलं गवतसुद्धा हललेलं नव्हतं.

त्याने अर्धं मूळ तोडलं, उरलेलं मातीत पुरलं आणि मागे न बघता घर गाठलं. उगाळून पहिला घोट स्वतः घेतला, मग जानकीला दिला.

दिवस कलताना जानकीने डोळे उघडले. नागलीची पेज मागितली. तिला ती भरवून नवसू भगताच्या अंगणात आला.

"आजा, आवाज आला."

"नावं घेतली होतीस?"

"नाही."

भगताने विडी विझवली. "मग बोललं कोण? बाई?"

"पुरुष."

"ओळखीचा?"

नवसू खाली बसला.

"माझाच होता, आजा. माझाच आवाज."

 भगताने कमरेचा औषधांचा बटवा सोडला. नवसूच्या अंगाला हात लागू न देता, तो त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला.

"माझ्याजवळ तुला सांगण्यासारखं काही उरलं नाही. इथून पुढे, सगळं उगाळून जो मेला, त्यालाच विचारत जा."