ठकूच्या टोपलीतली चिलटं

एक होता राजा. राज्य चार टेकड्यांचं, पण तोरा चाळीस गडांचा. आणि का नसावा? त्याच्या राज्यात उंबरांची झाडं अशी, की बुंध्यापासून फळं लगडलेली. लोक उंबर फोडायचे, फुंकर मारायचे, आतली चिलटं उडून गेली की खायचे. आपण खातो तसंच, बरं का. राजाही तसंच खायचा.

एकदा काय झालं, शेजारचा राजा पाहुणा आला. आपल्या राजाने त्याच्या हातात उंबर दिलं. त्याने फोडलं, तर चिलटं उडाली थेट नाकावर. पाहुणा हसला, म्हणाला, "तुमच्याकडे फळं किडकीच पिकतात वाटतं?"

राजाला ते झोंबलं. त्याने हुकूम काढला, झाडाझाडाखाली ओलं गवत पेटवा, धूर करा, एक चिलट उरता कामा नये.

मग काय झालं? पहिल्या वर्षी उंबरं हिरवीच गळून पडली. दुसऱ्या वर्षी खायला फळ नाही म्हणून साळुंक्या निघून गेल्या. तिसऱ्या वर्षी टिपायला साळुंक्या नाहीत म्हणून नाचणीवर अळी पडली. कणग्या रिकाम्या. मनू, तू जागी आहेस ना? पोरं उपाशी निजायला लागली गं.

पण त्या राज्यात ठकू नावाची एक म्हातारी होती. शेळ्या राखायची. तिच्या दारातही उंबर होता. शिपाई धूर करायला आले, तशी ही बुंध्याला टेकून बसली. म्हणाली, "पेटवा बाबांनो. मी काही उठायची नाही." त्यातले निम्मे त्याच झाडाखाली खेळलेले. आले तसे माघारी गेले. अशी होती आपली ठकू. मला फार अभिमान आहे तिचा.

मग तिसऱ्या वर्षी कणग्या रिकाम्या झाल्या तेव्हा तिने काय केलं, पिकायला आलेल्या उंबरांची टोपली भरली, वर फडकं बांधलं आणि राजापुढे नेऊन ठेवली.

राजा म्हणाला, "म्हणजे तू माझा हुकूम मोडलास?"

"मोडला महाराज. शिक्षा सावकाश द्या. आधी ही टोपली झाडाला टांगा. यातली चिलटं उद्याचा दिवस बघत नाहीत. ती हिरव्या उंबरात शिरली, तरच उंबर पिकतं."

राजाने पागोटं काढून ठेवलं आणि स्वतः झाडावर चढला. टोपली टांगली, फडकं सोडलं. चिलटं निघाली आणि हिरव्या फळांत शिरली.

मग उंबरं लालबुंद पिकली. साळुंक्या कलकलाट करत आल्या. पुढच्या नाचणीवरची अळी त्यांनी वेचून खाल्ली. कणग्या भरल्या.

तोच पाहुणा पुन्हा आला. राजाने ठकूला शेजारी बसवलं, उंबर फोडलं, हलकी फुंकर मारली. पाहुणा म्हणाला, "अजून किडे आहेतच का?"

राजा ताठ बसून म्हणाला, "किडे नव्हेत. ही आमची माणसं आहेत."

ठकू सुखात राहिली, राजा सुखात राहिला, चिलटं उंबरात निजली. आता तुम्ही गोधडीत शिरा पाहू.