दुसरी पंगत

“आणि त्या घरात राहतं कोण?” मठाच्या गुरुलिंगअप्पांनी विचारलं.

“आम्हीच, अप्पा. मी, बायको, आई. पुढंही आम्हीच राहणार. खरेदीखत नुसतं कागदापुरतं. लातूरची पार्टी आहे, दहा लाख रोख देते. पैसे फेडले की घर पुन्हा माझ्या नावावर करून देणार.”

“असं कुठं लिहिलंय?”

“लिहीत नसतात ते. तोंडी असतं. हे व्यवहार असेच होतात.”

अप्पा परातीतले गहू निवडत होते. खडा सापडला की बाजूला ठेवत. नजर वर करत नव्हते.

सिद्राम समोर ताठ बसला होता. तो कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला. वय बावन्न. कपड्याला इस्त्री, कपाळाला विभूती. गेली बावीस वर्षं तो मठाच्या दासोहात, म्हणजे रोजच्या अन्नदानात, वाढायला येत असे. श्रावणातल्या सोमवारी चारशे माणसांची पंगत त्याच्या हातून सुटायची नाही. सिद्रामच्या हातात पळी असली की एकही पान रिकामं राहत नाही, असं गाव म्हणायचं. त्यालाही ते ठाऊक होतं.

“सही परवा आहे,” तो म्हणाला. “सगळी देणी एका दिवसात मिटतील. तुमचा हात डोक्यावर असावा म्हणून आलो.”

“कोणाकोणाचं देणं आहे?”

“सांगत बसलं तर वेळ जाईल, अप्पा.”

“माझा जाऊ दे.”

सिद्रामनं सांगायला सुरुवात केली. दुसऱ्याचंच सांगावं तसं सांगत होता. शेजाऱ्यानं वरचा मजला चढवला म्हणून त्यानंही चढवला. त्याला पतपेढीचं कर्ज घेतलं. ते पुरलं नाही. लोखंड-सिमेंट इब्राहिमशेठच्या दुकानातून उधारीवर उचललं. पतपेढीचे हप्ते थकले, तेव्हा सावकार बंकटरावांकडून महिन्याला पाच टक्क्यांनी घेतले. बंकटरावांचं व्याज भागवायला मेहुण्याकडून घेतले. मग आईचं खुब्याचं ऑपरेशन निघालं. त्या दिवशी कमळाबाई कासारीण बांगड्या भरायला घरी आली होती. तिनं काही न विचारता साठ हजार आणून दिले. शेवटचे मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपमधून घेतले. ते कोणाचे, हे त्यालाही नीट माहीत नव्हतं.

मजल्याला अजून गिलावा नव्हता.

“या मोबाइलवाल्याला जेवायला बोलावता येतं का?” अप्पांनी विचारलं.

“त्याला तोंडच नाही, अप्पा. नुसता आवाज आहे. दिवसातून चाळीस वेळा.”

“मग राहू दे. बंकटरावांना आजवर किती गेले?”

“सगळ्यांत जास्त. ते दर आठवड्याला दारात उभे राहतात. चौकात नाव घेऊन ओरडतात. आईला ऐकू जातं. दिल्याशिवाय सुटका नसते.”

“आणि कमळाबाईला?”

सिद्रामनं नजर परातीकडं वळवली.

“ती मागत नाही,” तो म्हणाला.

अप्पांनी परात हलवली. गहू एका बाजूला गेले.

“आज कोणत्या रस्त्यानं आलास?”

“जिनिंगच्या कारखान्यामागून.”

“लांब पडतं.”

“पडतं.”

मधल्या गल्लीत कासारांची घरं होती. त्या गल्लीनं तो दोन वर्षांत गेला नव्हता. बाजारात इब्राहिमशेठचं दुकान, स्टँडसमोर पतपेढी. गावातले रस्ते त्याला एकेक करून बंद होत गेले होते. आता कॉलेजला जायलाही तो अर्धा तास आधी निघायचा. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

“थकलो, अप्पा,” तो म्हणाला. आवाजातला ताठा गेला होता. “एकदाच काय ते होऊन जाऊ दे. एकाचंच देणं राहील. एकाच माणसाला तोंड चुकवावं लागेल...”

हे शब्द तोंडातून गेल्यावर त्याचे त्यालाच ऐकू आले.

अप्पा उठले. परात उचलून चुलीकडे निघाले.

“उद्या वाढायला ये. दुसऱ्या पंगतीला.”

“उद्या? उद्या मला कागद बघायला—”

“सही परवा आहे ना?”

“परवा.”

“मग उद्या मोकळा आहेस.”

दुसऱ्या दिवशी एक वाजता सिद्राम मठात आला. जिनिंगच्या मागूनच आला. हातपाय धुतले, पंचा कमरेला खोचला, स्वयंपाकघरात गेला. पहिली पंगत उठून गेली होती. स्वयंपाक करणाऱ्या सुगलाबाई भांडी विसळत होत्या.

“हुग्गी कुठंय?” त्यानं विचारलं. सोमवारी मठात हुग्गी असते, गव्हाची गूळ घालून केलेली खीर.

“ते काय तुमच्यापुढं.”

त्यानं पातेल्यात डोकावलं. तळाला बोटभर हुग्गी होती.

“एवढीच? पानं किती आहेत?”

“पाच.”

“पाच पानांना हे कसं पुरायचं? वाटी वाटीसुद्धा होणार नाही. सुगलाबाई, जरा गरम पाणी घालून...”

“पाणी घालायचं न्हाई म्हणलेत अप्पा. हाय ते वाढा म्हणलेत. मला काय विचारताव, मी का मालकीण हाय हितली?”

सिद्रामनं डाव घेतला, पातेलं उचललं आणि ओसरीच्या दारात आला.

दारातच थांबला.

पट्टीवर पहिल्या पानाला बंकटराव बसले होते. त्यांच्या शेजारी पतपेढीचे मॅनेजर वट्टमवार. मग इब्राहिमशेठ, डोक्याला रुमाल बांधून. मग मेहुणा रेवण. आणि भिंतीच्या कडेला, पदर आवरून, कमळाबाई.

काल संध्याकाळी मठातून त्यांना निरोप गेला होता. मठाच्या निरोपाला गावात कोणी नाही म्हणत नाही.

भाकरी, आमटी, भाजी पानांवर वाढलेली होती. कोणी हात लावला नव्हता. सगळे सिद्रामकडे बघत होते.

तो मागं वळला. अप्पा दारात उभे होते.

“अप्पा... हे तुम्ही काय केलंत?”

“पंगत बसलीय.”

“मला नाही जमायचं.”

“बावीस वर्षं जमलं.”

“ती माणसं वेगळी होती!”

अप्पा दारातून हलले नाहीत. सिद्रामला पातेलं जड वाटायला लागलं. बोटभर हुग्गी, तरी जड. मागच्या दारानं जिनिंगकडे जाणारी वाट होती. तिथं जायचं तर अप्पांना बाजूला सारावं लागलं असतं.

त्यानं डाव खाली ठेवला. खुंटीवरची लहान पळी घेतली.

बंकटरावांपुढं तो वाकला. एक पळी घातली. तळहातावर मावेल एवढी.

“हे काय?” बंकटराव म्हणाले. “मुंगीला घालतोस का रे? टाक अजून.”

सिद्रामचा हात सवयीनं पातेल्यात गेला. पळी भरली. वर आली. बंकटरावांच्या पानावर येऊन थांबली...

त्यानं मान वर करून ओळीच्या शेवटाकडं बघितलं. कमळाबाई आपल्या पानाकडं बघत होत्या.

त्यानं पळी मागं घेतली.

“आज एवढंच आहे,” तो म्हणाला. “पहिली फेरी होऊ द्या, बंकटराव.”

बंकटरावांनी भुवया चढवल्या. चौकात ओरडायला लागायचे तेव्हा चढवायचे तशाच. पण पंगतीत आवाज चढवायचा नसतो. ते नुसते घशात खाकरले.

“आज एवढंच आहे,” सिद्राम वट्टमवारांना म्हणाला.

“चालेल.”

“आज एवढंच आहे, शेठ.”

“घाल बेटा. तू घालतोस तेच खूप आहे. दोन वर्षांत तुझा चेहरा दिसला नव्हता, मला वाटलं दुबईला गेलास.”

रेवण बायकोचा भाऊ. तो बारीक आवाजात म्हणाला, “दाजी, ताईला तरी सांगायचं होतं.” सिद्रामनं त्याला एक पळी घातली आणि पुढं सरकला.

कमळाबाईंनी पानावर आडवा हात धरला.

“मला नको बाबा. बाकीच्यांना घाल. मला गोड सोसत नाही.”

आजवर हा हात बघून तो सुखानं पुढं गेला होता. आजही पुढं जाता आलं असतं. पातेल्यात थोडं उरलं असतं, बंकटरावांचं तोंड बंद झालं असतं.

पाठीत कळ आली होती. तो तसाच वाकून राहिला.

“हात काढा, कमळाबाई.”

“राहू दे रे...”

“हात काढा. तुमच्या वाट्याचं आहे.”

त्यांनी हात काढला. हातात स्वतःची एकही बांगडी नव्हती. सिद्रामनं पळी घातली. पातेलं तिरकं करून तळाचं खरवडलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून फिरला. दुसऱ्या फेरीला प्रत्येकाला चमचाभर आलं. सगळ्यांना तेवढंच.

अप्पांनी ‘हर हर महादेव’ म्हटलं. माणसं जेवायला लागली.

जेवण झाल्यावर सगळे ओसरीवर टेकले. अप्पा आत निघून गेले. सिद्राम उभाच राहिला. कोणीतरी बोलायला हवं होतं.

“माझा पगार हातात एकेचाळीस हजार येतो,” तो म्हणाला. “घराला बावीस लागतात. आईची औषधं त्यातच. राहतात एकोणीस. ते तुमच्या सगळ्यांचे. देण्याच्या मानानं वाटून. याच्यावर माझ्याकडं काही नाही.”

बंकटराव उसळले. “उद्या मला सगळे एकरकमी मिळणार होते! लातूरवाल्याकडून. तू कबूल केलं होतंस.”

“केलं होतं.”

“मग?”

“मग घर जाईल, बंकटराव.”

“ते तू बघ.”

“बघतोय.”

वट्टमवारांनी चष्मा पुसला. ते कमी बोलणारे. “सिद्रामअप्पा, तीन नोटिसा पाठवल्या तुम्हाला. एकदाही आला नाहीत. हप्ता लहान करून द्या, मुदत वाढवून द्या असा एक अर्ज दिला असता, तर बोर्डानं केलं असतं. करतात. माणूस समोर येत नाही, म्हणून आम्हाला जप्तीचे कागद काढावे लागतात. उद्या दहाला या. मी स्वतः अर्ज लिहून घेतो. त्या मोबाइलवाल्यालाही एक पत्र लिहू, तुमचा महिना किती ते त्यालाही कळू दे.”

“आणि हे पाच टक्के?” इब्राहिमशेठ बंकटरावांकडं वळले. “महिन्याला पाच! परवाना आहे का तुमच्याकडं? की मॅनेजरसाहेबांना विचारू काय असतं ते?”

“तुम्ही सिमेंट विका, शेठ.”

“विकतोच आहे. व्याज न लावता.”

रेवणला हसू आलं. बंकटरावांनाही यायला लागलं होतं, त्यांनी ते दाबलं. बराच वेळ ते मिशीवरून बोट फिरवत राहिले.

“मुद्दल पुरं पाहिजे,” शेवटी ते म्हणाले. “व्याज आजपासून थांबवतो. पण एक तारीख म्हणजे एक तारीख. दोन तारीख झाली की मी दारात.”

“या. पण आईला ऐकू जाईल असं बोलू नका.”

कमळाबाई उठताना फक्त म्हणाल्या, “आमच्या गल्लीतून जात जा रे. जवळ पडतं.”

खिशातला फोन वाजला. लातूरचा दलाल होता. उद्या अकराला रजिस्ट्री, दोन साक्षीदार घेऊन या, म्हणत होता.

“उद्या नको,” सिद्राम म्हणाला.

“मग परवा ठेवू?”

“परवा पण नको.” त्यानं फोन ठेवला.

ओसरी रिकामी झाली. सुगलाबाईंनी पत्रावळी गोळा करून नेल्या. सिद्राम पायरीवर बसला. त्यानं मनात हिशेब केला. सहा वर्षं. सहा वर्षं एक तारखेला पाच दारांत उभं राहायचं. तोवर तो अठ्ठावन्नचा होईल, निवृत्त होईल. मजल्याला गिलावा लागणार नाही. येणारेजाणारे मान वर करून बघतील. उद्या सही केली असती तर उद्या रात्री झोप लागली असती. थोडे दिवस तरी.

अप्पा बाहेर आले. हातात रिकामं पातेलं होतं. ते आडाजवळ बसले आणि राखेनं घासायला लागले.

“द्या, मी घासतो,” सिद्राम म्हणाला.

अप्पांनी दिलं नाही.

तो थोडा वेळ बघत राहिला. मग राहवलं नाही.

“सहा वर्षं, अप्पा.”

पातेल्यावर राखेचा हात फिरत राहिला.

“बावीस वर्षांत माझ्या हातून अशी पंगत झाली नव्हती. पळी-पळीभर वाढलं. बंकटराव काय म्हणाले, ऐकलंत ना? मुंगीला घालतोस का म्हणाले. कोणाचं म्हणून पोट भरलं नाही. लाजेनं मान वर होत नव्हती माझी...”

अप्पांनी पातेलं पाण्यात बुचकळलं. पालथं घातलं. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले.

“पानावरून कोण उठून गेलं?”