महाराजांनी राखून ठेवलेली फळी

खाडीच्या मुखाशी वेळणे नावाचे गाव आहे. तिथे भिवाजी महाराज राहत. जातीने सुतार, हाताने होड्या बांधणारे आणि मुखाने अखंड नाम घेणारे असे ते सत्पुरुष होते. गावातल्या कितीतरी जणांना त्यांनी अक्षरे शिकवली, रंधा धरायला शिकवला. कोणाचा खिळा वाकडा बसला तर महाराज रागावत नसत. तो स्वतः उपटून म्हणत, "पुन्हा मार. लाकूड कुठे पळून जातंय?"

त्यांच्या शिष्यांत भागीरथी नावाची एक विधवा होती. नवरा समुद्राने नेलेला. पण तिला होडीच बांधायला शिकायचे होते. गाव हसले. गावचे अंताजी खोत तर महाराजांच्या तोंडावर म्हणाले, "बाईच्या हातची होडी? तिच्यात कोंबडीसुद्धा बसायची नाही." महाराज नुसते हसले आणि त्यांनी भागीरथीच्या हाती तासणी दिली.

पुढे महाराज आजारी पडले. अंगणात एक होडी अर्धवट उभी होती. भागीरथीला जवळ बोलावून महाराज म्हणाले, "बाय, ही तू पुरी कर. तळाची मधली फळी मात्र राहू दे. ती मी बसवीन." दुसऱ्याच दिवशी महाराजांनी देह ठेवला.

भागीरथीने रडत रडत होडी पुरी केली. मधल्या फळीची जागा तेवढी मोकळी ठेवली. तिच्या सांगण्यावरून लोकांनी होडी ढकलत किनाऱ्यावर आणून ठेवली खरी, पण येता-जाता सारे तिला चिडवत. खोत म्हणाले, "अगं वेडे, मेलेला माणूस येऊन फळी ठोकणार आहे काय?"

"महाराज बोललेत ना," भागीरथी म्हणाली, "मग ती जागा माझी नव्हे."

महाराजांची पहिली पुण्यतिथी आली. त्या दिवशी खोतांची म्हातारी आई, उमाआजी, दोन सुनांना घेऊन पलीकडच्या तीरावर देवीच्या दर्शनाला गेली होती. दुपारी त्यांची होडी परत निघाली; वल्ही सुनांच्याच हाती होती. किनाऱ्यावर भजन चालू होते. एकाएकी खाडीतून लाकूड फुटल्याचा आवाज आला आणि टाळ जागच्या जागी थांबले. होडी खडकावर आदळून उभी चिरली होती. ओहोटी जोरात होती, आणि गावच्या साऱ्या होड्या मासेमारीला बाहेर गेल्या होत्या. उमाआजी आणि सुना एका फुटक्या फळकुटाला धरून समुद्राकडे वाहत चालल्या. खोत पाण्यात गळ्यापर्यंत गेले, पण पोहता येत नसल्यामुळे लोकांनी त्यांना मागे ओढले.

तेवढ्यात भागीरथी आपल्या होडीला खांदा लावून ढकलू लागली.

"भागीरथे, तळाला भोक आहे!" खोत ओरडले.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. महाराजांचे नाव घेऊन तिने होडी लोटली आणि वल्ही मारू लागली. आता बुडेल, मग बुडेल म्हणून सारा किनारा श्वास रोखून पाहत होता. होडी बुडाली नाही. तिघींना वर घेऊन ती तशीच सरळ माघारी आली.

लोकांनी होडी वाळूवर ओढली आणि आत डोकावले. मधली जागा तशीच उघडी होती. तिच्यातून खालची वाळू दिसत होती. त्या जागेच्या कडा मात्र खडखडीत कोरड्या! एका म्हाताऱ्या सुताराने त्या जागेतून हात आरपार घातला आणि खालची वाळू मुठीत धरून वर काढली.

थंडीने कुडकुडत उमाआजी म्हणाली, "अरे, भिवाजी कुठे गेले? मघापासून त्या उघड्या जागेवरच बसले होते, पाठ टेकून. मी म्हटलं, उठा, भिजाल. तर म्हणाले, आजी, बसू द्या, माझं काम राहिलंय."

खोतांनी एकदा आईकडे पाहिले, एकदा त्या उघड्या जागेकडे. डोक्यावरचे पागोटे काढून ते भागीरथीपुढे वाकले.

ती घाबरून मागे सरली. "खोत, माझ्या पाया नका पडू. मी नुसती वल्ही मारली."

"गुरूचा शब्द तू धरलास, बाय. मी हसलो," खोत म्हणाले, आणि सगळ्या गावादेखत त्यांनी ओल्या वाळूवर कपाळ टेकले. कितीतरी वेळ ते उठले नाहीत, आणि त्यांना उठवायला कोणाचा हातही पुढे झाला नाही.