मधवालीची हाक

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. एका डोंगराच्या पायथ्याशी बाजार भरायचा आणि वर डोंगरात एक मधवाली राहायची. पोळ्यातला निम्मा मध ती माश्यांना ठेवायची. पावसाळ्यात तर पोळ्याला हातच लावायची नाही.

एरवी ती गावोगाव फिरायची. तिची एक हाक होती, लांबवर जाणारी. “मध घ्या, जांभळीचा मध.” हाक ऐकली की बाया वाटी घेऊन दारात यायच्या.

बाजारातल्या वडावर एक पोपट होता. ऐकलेला आवाज तो जसाच्या तसा काढायचा. तो मधवालीला म्हणाला, “मावशी, कशाला पाय झिजवता? तुमची हाक मला शिकवा. सगळी गावं इथं बाजाराला येतात, मी ओरडेन. एक पेरू द्या, झालं.”

मधवालीचे गुडघे दुखत होतेच. तिने हाक शिकवली. तिचं पाहून बाजारातल्या कुंभाराने आपली हाक शिकवली, सूपवाल्याने शिकवली. गिऱ्हाईक वाढलं, खोटं कशाला सांगू? मग हळूहळू सगळ्यांनी गावात फिरणं सोडलं.

पावसाळा आला. मधवाली म्हणाली, “आता चार महिने मध नाही. माझी हाक देऊ नकोस.”

“असं कसं, मावशी? रोज कानावर पडलं नाही तर लोक विसरतात. काहीतरी आणा की.”

“काहीतरी म्हणजे? माश्यांच्या तोंडचं काढून आणू?”

पोपटाने तेवढ्यापुरती तिची हाक बंद केली. पण बाजारात एक जण होता, गुळाचं पाणी आटवून मध म्हणून विकणारा. त्याने टोपलीभर पेरू आणले. पोपटाने त्याच्यासाठी हाक दिली, आणि ती कुणाची दिली? मधवालीची. अगदी तिच्याच आवाजात. लोक धावले. मडक्यामागे कोण बसलंय, ते कुणी पाहिलं नाही. हाक ओळखीची होती ना.

खालच्या गावातल्या एका सुनेने तो मध सासऱ्याच्या खोकल्यावर नेला. रोज चाटवला, पण म्हाताऱ्याची धाप काही थांबेना. शेवटी ती वाटी घेऊन डोंगर चढली.

“मावशी, तुमच्या भरवशावर मामंजींना दिला. रात्रंदिवस खोकतायत. तळाशी बघा, गूळ बसलाय. लाज नाही वाटली?”

मधवालीने बोट लावून चाखलं, आणि तशीच तडक वडाखाली गेली.

“हाक माझी, मग मध कुणाचा?”

पोपट पेरू कुरतडत होता. “मी नुसता ओरडतो, मावशी. मडक्यात काय आहे ते बघणं माझं काम नाही.”

“पेरू मात्र नीट बघून घेतलास.”

“आणि तुमची हाक आता माझ्या गळ्यात बसलीय. ती कशी काढून देऊ?”

सांगा बरं, याला काय म्हणावं? तिकडे म्हातारा माणूस धापा टाकतोय, एका बाईचं जन्मभराचं नाव चिखलात गेलंय, आणि हा फांदीवर बसून म्हणतो, माझं काम नाही. ज्याच्या तोंडाने माल खपला, त्याचं काम नाही तर कुणाचं?

मधवाली दुखऱ्या गुडघ्यांनी पुन्हा गावोगाव निघाली. हाक दिली नाही. दारोदार जाऊन म्हणाली, “विकायला नाही आले. तो मध माझा नव्हता, एवढं सांगायला आले.” कुणी दार लावून घेतलं. कुणी म्हणालं, “पुढच्या वेळी गुळाची ढेपच आणा, मडक्याचं ओझं कशाला?”

ती खालच्या गावात पोचली तेव्हा तीच सून पुढे आली. शेजारणींना म्हणाली, “मावशी पावसाळ्यात मध काढत नाहीत, हे आपल्याला ठाऊक होतं. मग आपण तरी डोळे मिटून कसा घेतला?”  मग एकीने मधवालीला बसायला पाट दिला.

ही गोष्ट बाजारात पसरली. कुंभार उठला, सूपवाला उठला, जो तो आपला माल घेऊन आपल्या पायांनी गावात गेला. लोक पोपटाच्या हाकेला मान वर करीनासे झाले.

एका दुपारी वडावर ससाणा झडपला. पोपट जीव तोडून ओरडला, “धावा, मला वाचवा.” खाली भर बाजार होता.

“आज काय खपवतोय कोण जाणे,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ध्यानात ठेवा : जो मालाचा जिम्मा घेत नाही, त्याच्या तोंडी आपलं नाव देऊ नये.