वैद्याने न दिलेले उत्तर

फार जुनी गोष्ट. एका डोंगराळ मुलखात एक म्हातारा वैद्य राहत होता. त्याच्या घरातून औषध बाहेर जाई. कुणाचे दुखणे कधी बाहेर जात नसे.

त्या मुलखात एक रीत होती. सोयरीक पक्की करण्याआधी मुलाचा बाप मुलीच्या गावच्या वैद्याला तिच्या प्रकृतीचे विचारून घेई.

एकदा वरच्या गावचे पाटील आले. आपल्या दोन मुलांसाठी त्यांनी दोन मुली पाहिल्या होत्या. एक कोष्ट्याची, दुसरी खुद्द वैद्याची.

"कोष्ट्याच्या पोरीला काही दुखणंबिखणं?" पाटलांनी विचारले.

लहानपणी त्या पोरीला फेफरे येई. वैद्य म्हणाला, "ते तिलाच विचारा, पाटील. मी सांगायचं नाही."

"बरं, स्वतःच्या लेकीचं तरी सांगाल? का तेही खलात कुटून ठेवलंत?"

वैद्याची लेक ठणठणीत होती. तेवढे म्हटले की तिचा संसार उभा राहणार होता. पण एकीबद्दल बोलायचे आणि दुसरीबद्दल गप्प बसायचे, तर पाटील काय ते समजून जातील, हे म्हाताऱ्याला कळत होते.

"तेही मी सांगायचं नाही," तो हळूच म्हणाला.

पाटील ताडकन उठले. "बापच बोलत नाही, म्हणजे काहीतरी आहेच!" दोन्ही सोयरिकी तिथेच मोडल्या.

लेक दाराआडून ऐकत होती. म्हाताऱ्याला तिच्याकडे बघवेना. "पोरी, तुझं नुकसान केलं मी."

"बाबा, आज माझ्यासाठी बोलला असतात, तर उद्या कुणासाठीही बोलला असतात," ती म्हणाली. "मी वैद्याची लेक आहे. मान वर करूनच हिंडेन."

वर्ष सरले. एके सकाळी पाटील पुन्हा आले, एकटेच, पायी. त्यांच्या पाठीवर बधिर चट्टे उठले होते. वाटेतले तीन वैद्य टाळून ते इथवर आले होते.

"माझ्याकडेच का, पाटील?"

पाटलांनी मान खाली घातली. "जो लेकीच्या लग्नासाठी बोलला नाही, तो माझं कुणापाशी बोलणार?"

चट्टे वेळेवर दाखवले म्हणून पाटील बरे झाले. मग ते पुन्हा सोयरीक घेऊन आले आणि या खेपेला मुलींनाच विचारले. कोष्ट्याच्या मुलीने आपले जुने दुखणे आपल्या तोंडाने सांगितले.

"दुखणं कुणाला नसतं, पोरी?" पाटील म्हणाले.

एकाच मांडवात दोन्ही लग्ने लागली. पंगतीत कुणीतरी वैद्याला कोपराने ढोसले. "वैद्यबुवा, पाटील तुमच्याकडे येत होते ते कशासाठी हो?"

म्हाताऱ्याने पानावरची भाजी संपवली आणि आणखी थोडी मागितली. समोर नवरीच्या वेषात बसलेल्या लेकीची मान अभिमानाने ताठ झाली.

तात्पर्य : दुखणे ज्याचे, ते सांगायचा हक्क त्याचाच, वैद्याने ते कुणालाही सांगू नये.