चावडीच्या भिंतीवरच्या तीन खुणा

एका उतारावर एक गाव वसले होते. त्यात तीन आळ्या होत्या, वरची, मधली आणि खालची. पावसाचे पाणी घरांत शिरू नये म्हणून प्रत्येक आळीने एक तळे खणले होते. वरच्या तळ्याचे दार उघडले की पाणी मधल्यात येई, मधल्याचे उघडले की खालच्यात, आणि तिथून नदीला. प्रत्येक तळ्याला एक राखणदार होता आणि काठाशी एक दगडी खांब. पाणी जिथवर चढेल तिथे राखणदाराने खांबावर गेरूची खूण करायची, असा रिवाज होता.

ज्याची खूण सर्वांत खाली, त्याचा बैल पोळ्याला सर्वांत पुढे. हा मान वर्षानुवर्षे वरच्या राखणदाराकडे होता. त्याची युक्ती साधी होती. आभाळ भरून आले की तो तळ्याचे दार सताड उघडे टाकी आणि घरी जाऊन गरम भाकरी खाई. त्याचे पाहून मधलाही तेच करी. बैलाच्या शिंगांना बेगड लावताना वरचा राखणदार चारचौघांना ऐकवी, "काम चोख असलं की मान चालत येतो."

त्याची एकुलती लेक खालच्या आळीत दिली होती. एका आषाढात पावसाची झड लागली. उघडीप मिळताच तो लेकीकडे गेला. घरभर चिखल, चूल विझलेली आणि तान्ह्या नातवाचा पाळणा पार आढ्याशी बांधलेला.

"बाबा, दरसाल असंच होतं," लेक म्हणाली. "यंदा पाणी पाळण्याला लागलं. पुढच्या पावसात याला घेऊन मी कुठं उभी राहू?"

बाप तणतणत खालच्या तळ्यावर गेला. खांबावरची खूण जेमतेम गुडघ्याएवढी होती, आणि लेकीच्या भिंतीवर तर चिखलाची रेघ छातीला लागत होती.

"ही खूण खोटी आहे," तो म्हणाला.

"खोटीच आहे," खालचा राखणदार म्हणाला. "खरी लावली तर गाव म्हणेल, याला तळं राखता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचं बरं आहे, तुमची खूण कायम तळाशी."

वरचा राखणदार चढ चढून आपल्या तळ्याशी आला. एवढ्या पावसानंतरही तळे जवळजवळ कोरडे होते. आपले पाणी कुठे गेले, हे आता त्याला कोणी सांगायला नको होते. त्याला स्वतःची लाज वाटली. गप्प बसला असता तर कोणी बोल लावला नसता, आणि पोळाही जवळ आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही राखणदारांना चावडीवर बोलावले. "आपापली खरी खूण या भिंतीवर लावा. एकाशेजारी एक."

"लोक हसतील," खालचा म्हणाला.

"हसू देत. आधी मला हसतील."

गाव जमले. वरच्याची खूण घोट्याशी, मधल्याची थोडी वर, खालच्याची छातीला. कोणी हसले नाही. एक म्हातारी भिंतीकडे पाहून म्हणाली, "वरची दोन तळी रिकामी आणि खाली घरं बुडाली? मग तळी खणली कशाला?"

गावाने ठरवले की दर पावसानंतर तिन्ही खुणा चावडीवर लावायच्या, आणि खालचे तळे ओसरेपर्यंत वरची दारे लावून ठेवायची.

श्रावणात पुन्हा मुसळधार पाऊस कोसळला. वरच्या तळ्याचे पाणी राखणदाराच्या गोठ्याच्या पायरीला लागले.

"दार उघडा की," शेजारी म्हणाले. "पोळ्याचा मान जाईल."

"जाऊ दे," म्हणत तो दाराजवळच बसून राहिला. खालचे तळे ओसरल्याचा निरोप आला तेव्हाच त्याने दाराची फळी उचलली.

पाऊस थांबल्यावर चावडीवर तीन खुणा लागल्या. वरच्या राखणदाराची सर्वांत उंच होती. रिवाजाप्रमाणे पोळ्याला त्याचा बैल सर्वांत मागून निघाला. मिरवणूक खालच्या आळीत आली तेव्हा लेक ओवाळायला बाहेर आली. तिच्यामागे घरातली जमीन कोरडी होती, आणि पाळणा आढ्यावरून उतरून पुन्हा तिच्या हाताशी आला होता.

तात्पर्य इतकेच: आपली एकट्याची खूण पाहिली तर आपलेच काम चोख दिसते, सगळ्यांच्या खऱ्या खुणा शेजारी मांडल्या की पाणी कुणाच्या घरात गेले ते कळते.