भुजंगबुवांचं बोट

“...आणि आवाज आला की काय करायचं, बुवा?”

भुजंगबुवांनी उजव्या हाताचं बोट वर केलं.

“शाब्बास!” कौस्तुभ म्हणाला. जसा काही मठ याचा आणि बुवा याच्या हाताखालचे.

कौस्तुभ चांदोरकर शहरातल्या कॉलेजात श्रवणशास्त्र शिकत होता. कानाचं शास्त्र. पदवी अजून हातात पडायची होती, पण शोध मात्र लागून चुकला होता. कासारखेडच्या मठात सकाळ-संध्याकाळ मोठी घंटा वाजते, म्हणून कासारखेडच्या म्हाताऱ्यांचे कान तरण्या पोरांसारखे तिखट राहिलेत. हा तो शोध. गावातले झाडून सगळे म्हातारे त्यानं यंत्रावर तपासले होते. एकही नापास नाही.

पुढचंही त्यानं ठरवून टाकलं होतं. शाळेच्या प्रत्येक वर्गात घंटा टांगायची. पोरांचे कान सुधारले की अभ्यास आपसूक आत जाईल.

शनिवारी कॉलेजात हे सगळं उभं राहून वाचायचं होतं. परीक्षक बाहेरचे येणार होते. वडिलांनी दोन्हीकडच्या आत्या-मावश्यांना आमंत्रणं देऊन ठेवली होती. लग्न असल्यासारखी.

राहिले होते फक्त बुवा. जन्मभर घंटा वाजवणारे. त्यांचे कान म्हणजे या शोधाचा कळस.

आता इतके दिवस गावात फिरून त्यानं कुणाला चार शब्द विचारले होते का? छे! शिकलेला माणूस तो. प्रश्न त्याचा, उत्तरही त्याचंच. समोरच्यानं बोट तेवढं वर करायचं.

कौस्तुभनं बुवांच्या कानांवर हेडफोन चढवला. यंत्राची पेटी मांडीवर घेऊन तो मठाच्या ओसरीवर त्यांच्या पुढ्यात बसला. बटण दाबलं.

बोट वर.

आवाज कमी केला. दाबलं.

बोट वर.

आणखी कमी. मुंगी शिंकली तर व्हावा एवढाच. दाबलं.

बोट वर.

“अद्भुत!” कौस्तुभ ओरडला.

तेवढ्यात मठात स्वयंपाक करणाऱ्या गोदाक्का चहा घेऊन आल्या.

“आक्का, बुवांचे कान म्हणजे चमत्कार आहे!”

“कुणाचे कान?”

“बुवांचे.”

आक्कांनी बुवांकडे पाहिलं. मग कौस्तुभकडे. मग आधी चहा खाली ठेवला, हसण्यात सांडला असता म्हणून.

“आरं लेकरा, बुवा ठार बहिरे हायत! त्या घंटेखालीच गेले त्यांचे कान. मी लगीन होऊन या गावात आले, तवाच गेलेले होते.”

“शक्यच नाही. यंत्र खोटं बोलत नाही.”

“तुझं यंत्र र्‍हाऊ दे. हे शेपूट कुटं जोडायचं असतंय?”

कौस्तुभनं वळून पाहिलं. हेडफोनची वायर पेटीत नव्हतीच. ती बुवांच्या पाठीमागून गेली होती, आणि तिचं टोक मठाची शेळी डोळे मिटून चघळत होती.

...

“बुवा,” कौस्तुभनं विचारलं, “काहीच ऐकू येत नव्हतं, तर बोट का वर करत होता?”

बुवा त्याच्या ओठांकडे बघत होते. समोरच्याचं तोंड बघून त्यांना सगळं कळायचं.

“तू बटण दाबलंस की तुझी भुवई उडते,” ते म्हणाले. “डावी.”

“आणि गावातले बाकीचे?”

“आमी पन भुवईच बघत होतो की,” आक्का म्हणाल्या. “मला डाव्या कानानं कुकरची शिट्टी कळत न्हाई. तरी मी पास! बोट वर केलं की तुझा चेहरा कसा फुलायचा रं. लांबून आलेलं लेकरू. न्हाई कसं म्हनायचं?”

“म्हणजे अख्ख्या गावानं मला फसवलं!”

“फसवलं कुटं? पाहुनचार केला.”

एवढं बोलून आक्का चुलीवरचं बघायला आत गेल्या.

कौस्तुभचे कान लाल झाले. स्वतःचे. त्यानं शेळीच्या तोंडातून वायर ओढली, पिन सदऱ्याला पुसली आणि पेटीत नीट खोचली.

“पुन्हा तपासायचं! बुवा, भिंतीकडे तोंड करा.”

बुवा वळले. मास्तरांनी शिक्षा केलेल्या पोरासारखे भिंतीला नाक लावून बसले.

कौस्तुभनं बटण दाबलं.

बोट खाली.

आवाज वाढवला. बोट खाली.

दुसरा कान. बोट खाली.

मग त्यानं यंत्र होतं तेवढं चढवलं. हेडफोनमधून आवाज बाहेर फुटला, शेळी कान टवकारून ओसरीवरून खाली उडाली, आणि बुवा... बुवा भिंतीवरची पाल बघत होते.

कौस्तुभनं पेटी खाली ठेवली.

शनिवार डोळ्यांपुढे उभा राहिला. ते बाहेरचे परीक्षक. पहिल्या रांगेतल्या मावश्या. आता इथं बघायला कोण होतं? आक्का आत. बुवांची पाठ. सगळा गाव पास आहे, बुवांची पहिली तपासणी तेवढी लिहायची, आणि ही दुसरी इथंच या ओसरीवर सोडून द्यायची. कुणाला कळणार होतं? शेळीला?

त्यानं पेन काढलं.

पेनाचं टोपण उघडलं.

बुवांच्या पाठीकडे पाहिलं. त्या पाठीला भुवई नव्हती, काही नव्हतं.

टोपण त्यानं परत बसवलं.

“सांगतो शनिवारी,” तो पुटपुटला. कुणाला नाही, आपल्याच गुडघ्यांना. “सगळ्यांपुढं सांगतो... मला काहीसुद्धा सापडलेलं नाही.”

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बुवांचं बोट वर गेलं.

कौस्तुभनं पेटीकडे पाहिलं. बटणाला त्याचा हात नव्हता.

“बुवा...?”

बुवा वळले नाहीत. बोट तसंच वर.

“हां,” ते म्हणाले. “हा आला ऐकू.”